ताक, यकृत आणि फवारणीचे विष

कपाशीवरची फवारणी सुरू झाली की साखरखेर्डा परिसरात एक सल्ला हमखास कानी पडतो : फवारून आल्यावर तांब्याभर ताक प्यावे, विष उतरते. सुटीवरून परतलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांस वर्गात विचारले, "सर, ताकातले जिवाणू यकृत वाचवतात, असे आता विज्ञानही म्हणते ना?" आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरीही प्रश्न टाळता आला नाही. त्याचे वडील रोजंदारीवर फवारणी करतात.

त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडील मोठ्या शिरेतून येते. आतड्याचे अस्तर दुबळे झाले की तेथील जिवाणूंची विषद्रव्ये त्या रक्तातून यकृतात पोहोचतात आणि रसायनाने आधीच पोळलेल्या यकृताचा दाह वाढवतात. उपयुक्त जिवाणू, म्हणजेच प्रोबायोटिक, हे अस्तर बळकट करण्यास साहाय्य करतात. प्रयोगशाळेत उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची घातक मात्रा देऊन यकृत दुखावतात. ज्यांना असे जिवाणू दिलेले असतात, त्यांच्या यकृताची हानी अनेक प्रयोगांत कमी आढळली आहे.

मात्र येथे थांबून विचार करावा लागतो. अशा बहुतेक प्रयोगांत जिवाणू विषाच्या कितीतरी दिवस आधीपासून, मोजून आणि निवडलेल्या जातीचेच दिलेले असतात. घरच्या विरजणात कोणती जात किती, हे कोणी मोजत नाही. आणि कढी उकळली की ते जिवाणू मरतातच. विषबाधा झालेल्या माणसाला ताकाने वाचविल्याचा पुरावा नाही.

ताकाला आमचा विरोध नाही. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना अनुज्ञा दिलेल्या पाच गोरसांत दूध, दही, लोणी, तूप यांच्यासह ताकही आहे. पण ते अन्न म्हणून.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पाठीवर पंप घेणारा हात बहुधा भूमिहीनाचा असतो. हातमोजे आणि मुखपट्टी देणे हे ज्याच्या शेतात फवारणी होते त्याचे कर्तव्य आहे. ते मागण्यात संकोच कसला? शिवाय फवारणीतील अनेक कीटकनाशके यकृताआधी मज्जासंस्थेवर घाला घालतात. डोळ्यांपुढे अंधारी, लाळ गळणे, घाम, उलटी, श्वास कोंडणे ही त्याची लक्षणे. तेथे दवाखान्यातील अॅट्रोपिन लागते, आणि ताकापायी गेलेला अर्धा तास महागात पडतो. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात ताक वा दूध ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

तेव्हा कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, ओकारी काढू नये, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. डब्यावरील त्रिकोणाचा रंग लाल असेल तर विष अत्यंत जहाल; त्याखाली पिवळा, निळा व हिरवा. वडिलांच्या डब्यावर कोणता रंग आहे ते पाहून ये, असे आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले आहे.