‘लाईट गेली’ ते ‘युनिट’ : गृहोपयोगी वीजसाठा-पेटी व तिची परिभाषा

मराठीत ‘वीज’ हा एकच शब्द आकाशातून पडणाऱ्या आणि तारेतून येणाऱ्या अशा दोन्ही गोष्टींना लावला जातो. मे महिन्याच्या अखेरीस बालाघाटच्या डोंगररांगांवरून वळीव उतरतो, तेव्हा ‘वीज पडली म्हणून वीज गेली’ हे वाक्य धाराशिव जिल्ह्यातील ऐकणाऱ्याला मुळीच खटकत नाही. क्रियापदानेच अर्थ निश्चित होतो : पडते ती एक, जाते ती दुसरी. मात्र रोजच्या बोलण्यात दुसरीसाठी ‘लाईट’ हा शब्दच अधिक रूढ आहे. ‘लाईट गेली’, ‘लाईट आली’, ‘लाईट बिल’ या प्रयोगांत ‘लाईट’ म्हणजे दिवा नव्हे, तर एकूण वीजपुरवठा. या पुरवठ्याचा पहिला अनुभव घराघरांत दिव्याच्या रूपाने आला, आणि अंशाचे नाव संपूर्णाला मिळाले. आज त्याच पुरवठ्यावर पंखा, शीतकपाट, पाण्याची मोटर व भ्रमणध्वनी चालतात. नाव मात्र दिव्याचेच राहिले.

प्रस्तुत लेखाचा विषय या ‘गेलेल्या लाईटी’च्या काळात घरात वापरावयाच्या एका नव्या साधनाचा आहे. इंग्रजीत त्यास ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ म्हणतात. हे साधन काय करते, काय करू शकत नाही आणि त्याच्या वापरातील धोके कोणते, हे स्पष्ट करणे हा पहिला हेतू होय. त्याविषयीचे बहुतेक गैरसमज यंत्रातून नव्हे, तर शब्दांतून उत्पन्न होतात, हे दाखविणे हा दुसरा.

१. वीज जाण्याचे प्रकार

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात व नंतर मुंबई राज्यात होता. १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. २०२३ मध्ये ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन ‘धाराशिव’ हे नाव अधिकृत झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यावर वितरणाचे काम ‘महावितरण’कडे आले. ग्राहकाच्या बोलीत मात्र आजही ‘बोर्ड’ हा शब्द ऐकू येतो.

वीज जाण्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. मागणीपेक्षा पुरवठा कमी पडल्यास ठरवून काही भागांची वीज बंद ठेवतात, त्यास ‘भारनियमन’ असे शासकीय नाव आहे. मूळ इंग्रजी संज्ञेतील क्रियापद ‘टाकून देणे’ या अर्थाचे आहे. मराठीने तेथे ‘नियमन’ योजिले आणि कपातीला शिस्तीचा पेहराव चढविला. लोकांनी या शब्दाचा मान राखूनही ‘लोडशेडिंग’च पसंत केले. दुसरा प्रकार बिघाडाचा. वितरण-रोहित्रास गावात ‘डीपी’ म्हणतात, आणि ‘डीपी जळाली’ या दोन शब्दांचा अर्थ कित्येकदा अनेक दिवसांचा अंधार असा होतो. तिसरा प्रकार शेतवस्तीचा. गावठाणाची वाहिनी व शेतीची वाहिनी वेगळ्या केल्यामुळे गावात पुरवठा पुष्कळसा अखंड झाला. परंतु शेतीच्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या वस्तीवरील घरास पंपाच्या वेळापत्रकाप्रमाणेच वीज मिळते. गावात राहणारे कुटुंब व मळ्यात राहणारे कुटुंब एकाच ग्रामपंचायतीतील असले, तरी त्यांच्या ‘लाईट गेली’ या वाक्याचे मोल सारखे नसते.

२. नाव आणि वस्तू

‘पॉवर स्टेशन’ हे नाव प्रथमच दिशाभूल करते. परळीचे औष्णिक केंद्र किंवा कोयनेचे जलविद्युत केंद्र ही खरी ‘पॉवर स्टेशने’; तेथे वीज निर्माण होते. प्रस्तुत पेटीत वीज निर्माण होत नाही. ती साठविली जाते. म्हणून ‘वीजसाठा-पेटी’ हे नाव वस्तूशी अधिक प्रामाणिक ठरेल, व पुढील विवेचनात तेच वापरले आहे.

या पेटीचे तीन घटक आहेत. पहिला, लिथियम-आयन घटांचा संच. दुसरा, घटांचे तापमान, भरणा व उपसा यांवर देखरेख ठेवणारे नियंत्रक मंडल. तिसरा, घटांतील दिष्ट धारेचे घरातील उपकरणांना लागणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेत रूपांतर करणारा ‘इन्व्हर्टर’. येथेही एक अर्थविस्तार झालेला दिसतो. बोली मराठीत ‘इन्व्हर्टर’ म्हणजे कोपऱ्यातील यंत्र व त्याखालची शिसे-आम्ल बॅटरी मिळून होणारा संपूर्ण सरंजाम. तंत्रदृष्ट्या तो केवळ रूपांतरक होय.

व्होल्टाने १८०० मध्ये विद्युत्घट प्रसिद्ध केला व प्लाँतेने १८५९ मध्ये पुनर्भारित होणारी शिसे-आम्ल बॅटरी सिद्ध केली. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला, आणि त्याच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शिसे-आम्ल बॅटरी जड असते, तिला ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते, भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि ती वारंवार तळापर्यंत रिकामी केल्यास लवकर निकामी होते. लिथियम घटांत पाण्याची कटकट नसते व वजनही कमी भरते. त्यांतही ‘लिथियम लोह फॉस्फेट’ हा प्रकार उष्णतेस अधिक स्थिर व दीर्घायुषी असल्यामुळे घरगुती वापरास अधिक योग्य समजला जातो. मात्र किंमत पाहता शिसे-आम्ल संच अद्याप स्वस्त पडतो, हेही नमूद केले पाहिजे.

३. शक्ती व ऊर्जा

आता मुख्य अडचणीकडे वळावयाचे आहे. व्यवहारातील मराठीत ‘शक्ती’ व ‘ऊर्जा’ हे जवळजवळ समानार्थी शब्द होत. शास्त्रात ते समानार्थी नाहीत. ऊर्जा म्हणजे एकूण साठा. शक्ती म्हणजे तो साठा कोणत्या वेगाने खर्च होतो त्याचे मान. रांजणात पाणी किती आहे ही एक गोष्ट, आणि तोटीतून ते किती धारेने पडते ही दुसरी. मोठा रांजण व बारीक तोटी, किंवा लहान रांजण व जाड तोटी, अशी कोणतीही जोडी संभवते.

पेटीवर या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात : ‘१००० वॉट-तास’ हा रांजण, व ‘१००० वॉट’ ही तोटी. आकडा एकच, शब्दही जवळपास एकच. शेवटचे ‘तास’ गळले की घोटाळा पूर्ण होतो. त्यातच बाजारात तिसरे परिमाण रूढ आहे. घरातील बॅटरी ‘दीडशेची’ म्हणतात, तेव्हा ती १५० ॲम्पिअर-तासांची असते. १२ व्होल्टने गुणल्यावर तिची ऊर्जा १८०० वॉट-तास निघते. खिशातील ‘पॉवर बँक’ ‘वीस हजारांची’ म्हणतात, तेव्हा ते मिलि-ॲम्पिअर-तास असतात, घटाच्या ३.७ व्होल्टने हिशेब केल्यास ती केवळ ७४ वॉट-तासांची भरते. म्हणजे दीडशे, हजार व वीस हजार या तीन आकड्यांत सर्वांत लहान आकड्याचा साठा सर्वांत मोठा, आणि सर्वांत मोठ्या आकड्याचा सर्वांत लहान आहे. परिमाणाशिवाय आकडा हा नामाशिवाय विशेषणासारखा असतो. त्यावरून कशाचाच बोध होत नाही.

या गोंधळावर उपाय शोधण्यासाठी नवीन संस्कृत संज्ञा घडविण्याची गरज नाही. तो प्रत्येक घरात दरमहा येणाऱ्या बिलावरच छापलेला आहे. बिलावर ‘मंजूर भार’ असतो, तो शक्तीचा. आणि ‘युनिट’ असतात, ती ऊर्जेची. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. अक्षरओळख नसलेली वृद्ध स्त्रीदेखील ‘या महिन्यात युनिट जास्त पडले’ असे अचूक म्हणते. अनवधानानेसुद्धा ती तेथे ‘लोड’ म्हणत नाही. हा भेद लोकभाषेत आधीच रुजलेला आहे. तेव्हा पेटीविषयी दोनच प्रश्न विचारावेत : ‘हिच्यात किती युनिट मावतात?’ आणि ‘हिला किती लोड चालतो?’

४. एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल एक युनिट साठ्याची, म्हणजे १००० वॉट-तासांची पेटी घेऊ. रूपांतरातील घट वजा जाता साधारणतः ८५० वॉट-तास हाती लागतात. दोन भ्रमणध्वनी भरण्यास सुमारे ३० वॉट-तास धरल्यास ८२० उरतात. ९ वॉटचे दोन दिवे, ७५ वॉटचा एक साधा पंखा व १० वॉटचे इंटरनेटचे यंत्र मिळून भार १०३ वॉट होतो. इन्व्हर्टर चालू ठेवण्याचा यंत्राचा स्वतःचा खर्च १० वॉट मिळविल्यास ११३. अशी पेटी सुमारे सव्वासात तास पुरेल. त्याच जागी ३० वॉटचा ब्रशविरहित मोटरचा पंखा असल्यास भार ६८ वॉटवर येतो व तीच पेटी बारा तास चालते. मोठी पेटी घेण्यापूर्वी पंखा बदलण्याचा विचार करावा, हे या हिशेबातून निघणारे पहिले अनुमान होय.

दुसरे अनुमान तोटीचे. ७५० वॉटचे मिक्सर पाच मिनिटे चालविल्यास जेमतेम ६२ वॉट-तास खर्च होतात. साठ्यास त्याचे ओझे नाही, परंतु तेवढा लोड पेटीस झेपला पाहिजे. पाणी तापविण्याचे २००० वॉटचे यंत्र या पेटीवर मुळीच चालणार नाही. एक अश्वशक्तीची मोटर चालू स्थितीत ७४६ वॉट बाहेर टाकते व पुरवठ्यातून त्याहून अधिक घेते. शिवाय सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या कित्येक पट धारा ओढते. म्हणून बोअरवर ही पेटी जोडण्याची कल्पना सोडून द्यावी. शीतकपाटाच्या बाबतीतही सुरुवातीचा हा झटका विचारात घ्यावा लागतो. चार तासांपर्यंत वीज गेल्यास शीतकपाटाचे दार न उघडणे हाच स्वस्त उपाय आहे. घरात इन्सुलिन ठेवलेले असेल व वीज त्याहून अधिक काळ जात असेल, तर मात्र पेटीतील साठा प्रथम तिकडे वळवावा. घरात प्राणवायूचे यंत्र लागणारा रुग्ण असल्यास त्या यंत्रावरील वॉट पाहूनच निर्णय करावा. पाच लिटरचे यंत्र सुमारे ३०० ते ३५० वॉट घेते, म्हणजे एक युनिटची पेटी त्यास अडीच तासांच्या आसपास पुरते. पेटी तेथे आधार देईल, परंतु प्राणवायूच्या राखीव नळकांड्याची जागा घेणार नाही.

अनेक दिवस डीपी न बदलल्यास पेटी भरावयाची कशी, हा प्रश्न उरतो. या जिल्ह्यात ऊन विपुल आहे. २०० वॉटच्या सौर फलकापासून स्वच्छ दिवशी अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा हाती येते, व ती वर सांगितलेल्या काटकसरीच्या घरास रात्रभरापुरती होते. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत हा हिशेब पुष्कळ खाली येतो.

५. धोके

पेटीतून धूर निघत नाही, म्हणून ती खोलीत ठेवता येते. पेट्रोल-जनित्र मात्र बंद खोलीत कधीही चालवू नये. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो झोपेतच प्राण घेतो. तथापि पेटीचेही नियम आहेत. लिथियम घटांस उष्णता सोसत नाही. ४५ अंश सेल्सिअसच्या वर त्यांना भरू नये. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेल्यावर पत्र्याच्या खोलीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पेटी जमिनीलगत, सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवावी. अंथरुणाजवळ किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये. दीर्घकाळ वापरावयाची नसल्यास ती अर्धी भरून ठेवावी. घटांवर भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६०४६ ची नोंद आहे की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. निकामी पेटी भंगारात न देता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार परत करावी.

सर्वांत मोठा धोका याहून निराळा आहे. दोन्ही टोकांस खुंट्या असलेली वायर करून एक टोक पेटीत व दुसरे भिंतीतील सॉकेटमध्ये घातले, की सर्व घरात ‘लाईट येते’, अशी युक्ती काही ठिकाणी केली जाते. ही युक्ती प्राणघातक आहे. घराचा मुख्य स्विच चालू राहिला, तर पेटीतील २३० व्होल्ट घराबाहेर पडून उलट्या दिशेने डीपीत शिरतात. डीपी ही ११,००० व्होल्टचा दाब खाली आणणारी यंत्रणा आहे. उलट बाजूने वीज दिल्यास तीच तो दाब वर चढविते. पेटी अतिभाराने स्वतः बंद पडेल, हा भरवसा येथे पुरेसा नाही. वाहिनी बंद आहे या समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तेव्हा जिवंत तार असते. उपकरण थेट पेटीवरच लावावे. संपूर्ण घर जोडावयाचे असल्यास परवानाधारक तंत्रज्ञाकडून, दोन पुरवठे कधीही एकत्र येणार नाहीत असा बदल-स्विच बसवून घ्यावा.

‘लाईट गेली’ या वाक्यात लाईट ही स्वतःच्या मर्जीने जाणारी व येणारी व्यक्ती आहे. बोलणारा केवळ वाट पाहतो. ‘किती युनिट उरले?’ या प्रश्नात तो हिशेब ठेवणारा होतो. वीजसाठा-पेटीने घडविलेला बदल मुख्यतः एवढाच आहे. परंतु त्या हिशेबात खांबावरील माणसाचा जीवही धरावयाचा असतो, आणि ‘तार बंद आहे’ हे वाक्य खरे ठेवण्याची जबाबदारी आता केवळ महावितरणची राहिली नसून प्रत्येक पेटीधारकाचीही झाली आहे.