पंधरा दिवसांत पाच किलो?

तायांनो, सध्या बैठकीत बचत गोळा झाली की वजनाचा विषय निघतोच. कुणी भाकरी सोडलीय, कुणी रात्री उपाशी झोपतेय, तर कुणी 'पंधरा दिवसांत पाच किलो'वाल्या पावडरच्या डब्यासाठी अंतर्गत कर्ज मागतेय. कर्जाचं गटाने ठरवावं, पण आधी हिशेब बघा.

एकदम खाणं तोडलं की काटा उतरतो खरा. पण सुरुवातीला जातं ते बरंचसं अंगातलं पाणी, पुढे चरबीबरोबर ताकदही झिजते. पूर्वीसारखं जेवायला लागलं की वजन परत येतं, कर्जाचे हप्ते मात्र चालूच. त्यात हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर उपाशी राहून अशक्तपणा वाढणारच.

भाकरी सोडू नका. तिच्यासोबत उसळ, डाळ, पालेभाजी वाढवा. तेल माणशी महिन्याला साधारण अर्धा किलो, म्हणजे चौघांच्या घरात दोन किलो. चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला आठ चमचे! आणि सगळ्यांचं झाल्यावर रात्री दहाला उरलंसुरलं आपणच संपवायचं, ही सवय आधी मोडा. घरच्यांसोबतच जेवायला बसा.

शेतात राबणारीला वेगळ्या व्यायामाची गरज नाही. दिवसभर शिलाई मशीनवर बसणारीने मात्र रोज अर्धा तास झपाझप चालावं.

काट्यापेक्षा शिलाईची टेप बरी. पोटाचा घेर 80 सेंटीमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवा. दर महिन्याच्या बैठकीत मोजून वहीत लिहा. गरोदर असाल किंवा शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर खाण्यात बदल करण्याआधी उपकेंद्रात विचारून घ्या.