वारा, समुद्र आणि आपली पेरणी



जून कोरडा गेला की आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो. पण ओलपाडचा भात असो की उमरपाड्याची तूर, आपल्या सुरत जिल्ह्याच्या पावसाचे गणित बरेचसे समुद्रात ठरते. ते आज थोडे समजून घेऊ.

शेततळ्यावर वारा वाहिला की पालापाचोळा एका काठाला जमतो. समुद्रातही वारा वरचे पाणी ढकलतो. मात्र पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ते वाऱ्याच्या उजवीकडे वळते. स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमन यांनी १९०५ साली हे गणिताने दाखविले. नैऋत्येचा मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्यालगत वाहतो, तेव्हा वरचे ऊबदार पाणी किनाऱ्यापासून दूर जाते व खोलातले थंड पाणी वर येते. म्हणूनच मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र जुलैत निवतो.

विषुववृत्तावरही असेच घडते. एरवी एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेचा वारा ऊबदार पाणी सुमात्राकडे नेतो. काही वर्षी मात्र पूर्वेचा वारा जोर धरतो. मग ऊब आफ्रिकेकडे सरकते, सुमात्राजवळ थंड पाणी वर येते आणि बाष्प आपल्या बाजूस वळण्यास मदत होते. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाटा या शास्त्रज्ञांनी १९९९ साली याचे वर्णन केले. यालाच हिंदी महासागराचा 'द्विध्रुव' म्हणतात.

१९९७ साली प्रशांत महासागरात प्रचंड एल निनो होता. दुष्काळाची भीती होती, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्यात द्विध्रुवाचा वाटा होता, असे शास्त्रज्ञ मानतात. २०१९ सालीही द्विध्रुव बळकट होता. त्या जूनमध्ये देशात सरासरीच्या ६७ टक्केच पाऊस पडला. हंगाम मात्र ११० टक्क्यांवर संपला.

तेव्हा 'एल निनो आला' एवढे ऐकून आपण हातपाय गाळू नयेत. आणि द्विध्रुव अनुकूल आहे म्हणून पहिल्याच सरीवर बियाणेही टाकू नये. हवामान खाते एप्रिलमध्ये व मेअखेरीस अंदाज देते, त्यात या दोहोंचा उल्लेख असतो. तो जरूर ऐकावा. पेरणी मात्र जमिनीत पुरेशी ओल उतरल्यावरच करावी आणि दुबार पेरणीपुरते बियाणे घरात राखून ठेवावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.