संपर्कशोध व संसर्गस्थळ-सूचना

संपर्कशोध व संसर्गस्थळ-सूचना : संसर्गजन्य रोगाची साथ आटोक्यात आणण्याच्या दोन परस्परपूरक पद्धती. रोग्याच्या सान्निध्यात आलेल्या व्यक्ती हुडकून काढणे, त्यांना धोक्याची जाणीव देणे आणि रोगाचा परिपाककाल (जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतचा काळ) संपेपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवणे, यास संपर्कशोध म्हणतात. अशा व्यक्तीस आरोग्य खात्याच्या परिभाषेत ‘सहवासित’ ही संज्ञा आहे. परंतु बसमधील सहप्रवासी, खानावळीतील शेजारच्या मेजावरील गिऱ्हाईक किंवा मंगल कार्यालयातील पाहुणे यांची नावे रोग्याला सांगता येत नाहीत. अशा अनोळखी सहवासितांपर्यंत पोहोचण्यासाठी रोगी जेथे गेला होता ते ठिकाण, तारीख व वेळ जाहीर करतात. या जाहीर निवेदनास संसर्गस्थळ-सूचना म्हणता येईल. पहिली पद्धती व्यक्तीच्या नावावर, तर दुसरी स्थळकाळाच्या नोंदीवर आधारलेली आहे. पहिली जेथे थांबते तेथून दुसरीचा उपयोग सुरू होतो.

तत्त्व : संसर्ग एका व्यक्तीकडून दुसरीकडे साखळीसारखा जातो. सहवासिताला स्वतःपासून इतरांना संसर्ग होण्यापूर्वीच गाठले, तर साखळीचा तो दुवा तुटतो. म्हणून संपर्कशोधाचे यश वेगावर अवलंबून असते. देवीच्या रोगात रोगी सामान्यतः ताप व पुरळ दिसू लागल्यावरच इतरांना संसर्ग देई व पुरळ सहज ओळखता येई, त्यामुळे शोधास अवधी मिळे. कोविड-१९ मध्ये लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे दोन दिवसांपासून संसर्ग पसरू शकतो आणि काही रोग्यांत लक्षणे दिसतच नाहीत, त्यामुळे हा अवधी फार थोडा उरतो. गोवराचा विषाणू रोगी निघून गेल्यावरही बंद खोलीतील हवेत सुमारे दोन तास टिकू शकतो. त्यामुळे तेथे रोग्याशी समोरासमोर भेट न झालेली व्यक्तीही सहवासित ठरते. सहवासित कोणास म्हणावे, हे याप्रमाणे रोगाच्या प्रसारमार्गावरून ठरते.

कार्यपद्धती : रोगनिदान होताच आरोग्य कर्मचारी रोग्याची मुलाखत घेतात. लक्षणे सुरू झाल्याची तारीख निश्चित करून संसर्गक्षम काळ ठरवितात व त्या काळातील प्रत्येक दिवसाचा वृत्तांत लिहून घेतात. तिकीट, पावती, हजेरीपट व दूरध्वनीतील नोंदी यांमुळे स्मरणास आधार मिळतो. सहवासितांचे अधिक धोक्याचे व कमी धोक्याचे असे दोन वर्ग करतात. एकाच घरात राहणारे, शुश्रूषा करणारे व बंद जागी दीर्घकाळ जवळ बसलेले लोक पहिल्या वर्गात मोडतात. रोग्यास वेगळे ठेवण्यास विलगीकरण आणि अद्याप निरोगी दिसणाऱ्या सहवासितास वेगळे ठेवण्यास अलगीकरण म्हणतात. कोविड-१९ च्या साथीत प्रारंभी अलगीकरणाचा काळ शेवटच्या संपर्कापासून १४ दिवस धरला जाई.

शोध दोन दिशांनी चालतो. रोग्याकडून पुढे कोणास संसर्ग झाला असेल हे पाहणे हा अग्रशोध व रोग्यास तो कोठून झाला हे पाहणे हा मूळशोध होय. ज्या रोगांत थोडे रोगी पुष्कळांना संसर्ग देतात व बहुतेकांकडून कोणासही होत नाही, त्यांत मूळशोध अधिक फलदायी ठरतो, कारण त्यातून अनेकांना एकाच वेळी संसर्ग झालेले मूळ स्थळ सापडते. संसर्गस्थळ-सूचनेचा खरा उपयोग अशा स्थळांच्या बाबतीत होतो.

सूचनेचे स्वरूप : उपयुक्त सूचनेत चार गोष्टी असाव्या लागतात : नेमके ठिकाण (शक्य तर मजला, दालन किंवा गाडीची फेरी यांसह), तारीख व वेळेची मर्यादा, तेथे उपस्थित असलेल्यांनी काय करावे याची सूचना आणि संपर्काचे ठिकाण. रोग्याचे नाव, वय, लिंग, जात, धर्म किंवा व्यवसाय यांपैकी कशाचीही वाचकास गरज नसते. आपण त्या वेळी तेथे होतो काय, एवढेच त्याला ठरवावयाचे असते. मुदत संपताच सूचना काढून घेणेही तितकेच आवश्यक आहे, नाही तर तिची माहिती संपून केवळ कलंक उरतो. केरळमधील पथनमथिट्टा जिल्ह्यात मार्च २०२० मध्ये इटलीहून परतलेल्या कुटुंबाच्या प्रवासाचा मार्गनकाशा नावाशिवाय प्रसिद्ध करण्यात आला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतही दुकाने, उपाहारगृहे व बसगाड्या यांच्या वेळवार याद्या प्रसिद्ध होत असत.

इतिहास : महाराष्ट्रात या विषयाचा पहिला मोठा व कटू अनुभव पुण्यातील प्लेगचा होय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लवकरच साथ पुण्यास पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात येऊन मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांकरवी घरोघर झडत्या सुरू झाल्या. रोग्यास रुग्णालयात व त्याच्या कुटुंबियांस अलगीकरण छावणीत नेत, सामानसुमान जाळीत. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर तशा अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवीत. याचा परिणाम उलटा झाला. लोक रोगी लपवू लागले, गाव सोडून जाऊ लागले व मृत्यू दडवू लागले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले व रँड ३ जुलै रोजी मरण पावले.

या मोहिमेत वैज्ञानिक उणीवही होती. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. माणसांच्या सहवासाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उंदीर मरून पडलेल्या घराला महत्त्व होते. पुढे सक्तीच्या झडत्या मागे पडून लसीकरण व घरे स्वेच्छेने रिकामी करून मोकळ्या जागी राहावयास जाणे यांवर भर देण्यात आला. प्रसारमार्ग समजलेला नसेल व लोकांचा विश्वास नसेल, तर शोधाची मोहीम कितीही कडक असली तरी निष्फळ ठरते, असा या अनुभवाचा निष्कर्ष आहे.

देवीच्या निर्मूलनात याच पद्धतीने मोठे यश मिळविले. सरसकट लसीकरणाऐवजी रोगी शोधणे, त्याच्या सहवासितांना व आसपासच्या लोकांना लस टोचणे या धोरणावर भर देण्यात आला. कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र असलेली ओळखपत्रे घेऊन शाळा, बाजार व वस्त्या यांतून हिंडत आणि नवा रोगी कळविणाऱ्यास बक्षीस जाहीर करीत. बक्षिसाची रक्कम वाढत जाऊन १९७५ मध्ये एक हजार रुपये झाली. भारतातील अखेरचे रोगी त्याच वर्षी आढळले. माहिती देणाऱ्यास येथे शिक्षेचे भय नसून लाभ होता, हा प्लेगच्या मोहिमेपेक्षा मोठा फरक होय.

पुणे जिल्ह्यातील अलीकडील साथी : २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्ट रोजी झाला. साथीच्या आरंभी सहवासितांचा शोध घेऊन त्यांना ऑसेल्टामिव्हिर हे औषध देत. प्रसार सार्वत्रिक झाल्यावर मात्र भर गंभीर रोग्यांच्या निदानावर व उपचारांवर आला. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील कोविड-१९ चे पहिले रोगी पुण्यात आढळले. दुबईच्या सहलीहून परतलेल्या दंपतीच्या सहवासितांचा शोध घेता कुटुंबातील एक व्यक्ती, मुंबईहून पुण्यास आणणारा टॅक्सीचालक व विमानातील एक सहप्रवासी यांना संसर्ग झाल्याचे दुसऱ्याच दिवशी निष्पन्न झाले. घर, वाहन व सहप्रवास अशी सहवासाची तीन रूपे या एकाच उदाहरणात दिसतात.

२०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रोगी आढळला. हा विषाणू मुख्यतः डासांमुळे पसरत असल्याने तेथे घरोघर ताप व डासांची पैदास यांची पाहणी महत्त्वाची ठरली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता व नांदेड परिसरात गियाँ-बारे लक्षणसमूहाचे रोगी वाढले तेव्हा पाण्याचे स्रोत तपासण्यात आले. अशा वेळी ‘संसर्गस्थळ’ म्हणजे माणसांची गर्दी नसून विहीर किंवा नळाचे पाणी असते.

मुळशी तालुक्यातील परिस्थिती : नाव जाहीर करावे की स्थळ, हा प्रश्न मुळशीत विशेष स्पष्ट होतो. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी व माण परिसरातील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान व पिरंगुट भागातील कारखाने आहेत, तर पश्चिमेस मुळशी जलाशयापासून ताम्हिणी घाटापर्यंत सह्याद्रीच्या कुशीत विखुरलेल्या लहान वाड्या आहेत. तालुक्याचे मुख्यालय पौड येथे असून तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. २०२० मध्ये हिंजवडी येथील विप्रो कंपनीच्या संकुलाचे ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयात रूपांतर करण्याचा करार राज्य शासनाबरोबर झाला.

पूर्वेकडील भागात काम करणारे पुष्कळ लोक पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत राहतात. त्यामुळे कार्यालयातील सहवासित एका यंत्रणेच्या, तर घरातील दुसऱ्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतात. जिल्हा परिषद व दोन महानगरपालिका यांच्यात याद्यांची देवघेव त्याच दिवशी झाली नाही, तर अलगीकरणाचे मोलाचे दिवस वाया जातात. हजारो लोक ये-जा करणारी उपाहारगृहे, उद्वाहने व कंपनीच्या बसगाड्या यांच्या बाबतीत संसर्गस्थळ-सूचना उपयुक्त ठरते, कारण सहवासित अनोळखी असतात व गर्दीमुळे रोग्याची ओळखही झाकलेली राहते.

वाडीवरील स्थिती याच्या उलट असते. तेथे रोगी कोणाच्या ओटीवर बसला, कोणाबरोबर एस. टी.ने पौडला गेला, हे आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा पोलीस पाटील यांना तासाभरात कळू शकते. सर्व सहवासित नावानिशी माहीत असल्याने जाहीर सूचनेची गरज नसते. उलट, वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वस्तीत नाव वगळूनही लावलेली सूचना एकाच घराकडे बोट दाखविते. मग त्या घरचे दूध कोणी घेत नाही, त्यांना मजुरी मिळत नाही आणि पुढचा तापकरी दवाखान्याऐवजी घरातच पडून राहतो. म्हणून सहवासित अनोळखी तेथे स्थळसूचना व परिचित तेथे घरभेट, असा विवेक करणे इष्ट ठरते. लहान वस्तीत ज्याचे घर बंद ठेवावयाचे त्याला धान्य, पाणी, औषधे व बुडालेल्या रोजगाराचा आधार देणे हा संपर्कशोधाचाच भाग समजला पाहिजे.

गोपनीयता व कायदा : मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृह-अलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. अनेक राज्यांत रोग्यांच्या घरांवर फलकही लावण्यात आले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली सक्षम अधिकाऱ्याचा निर्देश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत, असा आदेश दिला. एप्रिल २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशात पाचांहून अधिक बाधित असलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरवून प्रवेशद्वारावर तसा फलक लावण्यास सांगण्यात आले. घराऐवजी संपूर्ण इमारतीकडे लक्ष वेधणारा हा फलक व्यक्तीचे नाव टाळून येणाऱ्या-जाणाऱ्यास सावध करतो. केंद्र शासनाने २ एप्रिल २०२० रोजी आणलेल्या ‘आरोग्य सेतू’ या भ्रमणध्वनी प्रणालीत जवळ आलेल्या दूरध्वनींची नोंद ब्लूटूथच्या साहाय्याने होत असे. तिच्यातील माहितीच्या वापराबाबत मे २०२० मध्ये स्वतंत्र नियमावली करावी लागली.

दक्षिण कोरियाचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. २०१५ मधील मर्स रोगाच्या साथीत रुग्णालयांची नावे आरंभी न सांगितल्याने टीका झाली व त्यानंतर माहिती जाहीर करण्याची कायदेशीर तरतूद करण्यात आली. २०२० मध्ये रोग्यांचे वय, लिंग व दिनक्रम इतक्या तपशिलाने प्रसिद्ध होऊ लागले की, त्यांची ओळख पटून अवहेलना होऊ लागली. तेथील मानवी हक्क आयोगाने आक्षेप घेतल्यावर तपशील मर्यादित करण्यात आले. मे महिन्यात सेऊलच्या इतेवॉन भागातील रात्रमंडळांतून संसर्ग पसरला तेव्हा बदनामीच्या भयाने लोक पुढे येईनात. तेव्हा नाव न विचारता तपासणी करण्याची सोय करण्यात आली.

मर्यादा : प्रसार सार्वत्रिक झाल्यावर रोग्यांची संख्या शोधपथकांच्या आवाक्याबाहेर जाते. प्रत्येक रोग्याचे पंधरा सहवासित धरल्यास दररोजच्या शंभर रोग्यांमागे दीड हजार व्यक्ती रोज नव्याने गाठाव्या लागतात. अशा वेळी सर्वत्र अपुरा शोध घेण्यापेक्षा वृद्धाश्रम, वसतिगृहे, रुग्णालये व कारखाने अशा धोक्याच्या ठिकाणांपुरता तो पूर्णत्वास नेणे श्रेयस्कर असते. स्थळांची यादी फार लांबल्यास लोक ती वाचीनासे होतात. शिवाय सर्व माहिती अखेरीस रोग्याच्या सांगण्यातून मिळते. खरे सांगितल्याने आपले व आपल्या माणसांचे नुकसान होणार नाही, अशी खात्री त्याला वाटली नाही, तर यंत्रणेजवळ कायदा व तंत्रसाधने असूनही साखळीचा पुढचा दुवा तिला दिसत नाही.