ओळखीचा मुलगा की शिकलेला मुलगा?

नाना पेठेतील स्पेअर पार्ट्सचे दुकान असो, भवानी पेठेतील लाकडाची वखार असो की बोहरी आळीतील हार्डवेअरचा धंदा. हिशेबाला किंवा गोदामाला माणूस हवा झाला की आमचे व्यापारी बंधू मेहुण्याला सांगतात, जुम्म्याच्या नमाजनंतर दोघा-तिघांच्या कानावर घालतात. माणूस मिळतोही. त्याला काम येते की नाही, हे दोन महिन्यांनी कळते.

इकडे कॅम्पात पूना कॉलेज १९७० पासून चालू आहे. तिथून बी.कॉम. होऊन निघणाऱ्या आपल्याच मुला-मुलींना भवानी पेठेत जागा रिकामी आहे हे सांगणार कोण?

‘पदवीधर आमच्याकडे टिकत नाहीत’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. खरी आहे, पण अर्धीच. पगार विचारला की ‘आधी काम तर बघू’ म्हणायचे आणि बी.कॉम. झालेल्याला चहा आणायला धाडायचे. मग तो का टिकावा?

आमचे म्हणणे असे की, ओळखीऐवजी कामावरून पारख करावी. मागच्या महिन्याची खरेदीची बिले समोर ठेवून जीएसटीच्या नोंदी करायला सांगाव्यात. अर्ध्या दिवसात सारे कळते. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी मात्र द्यावी. भाचा उमेदवार असेल तर त्यालाही हीच बिले द्यावीत. (इथेच खरी अडचण आहे, हे आम्ही जाणतो!)

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा फक्त कारखान्यांसाठी आहे, असा समज अजून आहे. २०१४ च्या दुरुस्तीने बी.ए., बी.कॉम. झालेलेही त्यात आले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे केले. चार ते एकोणतीस माणसे असणाऱ्यांना ते ऐच्छिक ठेवले. पदवीधराचे किमान विद्यावेतन तेव्हा दरमहा ९,००० रुपये ठरले. केंद्राच्या योजनेत नाव नोंदवल्यास किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलते. ताजे दर नोंदणीपूर्वी विचारून घ्यावेत. करार लेखी करून नोंदवावा लागतो. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे नाही. पण स्वस्तातला हमाल म्हणून कुणी याकडे पाहू नये. शिकवण्याची जबाबदारी मालकावर येते.

ईदच्या गर्दीत माणूस शोधू नये. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच कॉलेजात चिठ्ठी पाठवावी. चिठ्ठीत कामाचे स्वरूप, पगार, सुट्टीचा वार आणि सुटण्याची वेळ स्पष्ट लिहावी. ही वेळ कळल्याशिवाय मुलींच्या घरचे अर्ज करू देत नाहीत.