वस्तीवरचा संसार आणि तोडलेले दावे



गव्हाणीत मोळी पडली आणि ऊसतोडीच्या टोळ्या शिवारात उतरल्या की वस्त्यांवरची एक काळजी मिटते, ती वैरणीची. वाड्याचे भारेच्या भारे बांधावर पडलेले असतात. उचलायचे आणि गोठ्यात टाकायचे. गाय खाते, तिचे पोट भरलेले दिसते, आणि आपण निर्धास्त होऊन टोळीच्या अन् गाडीच्या मागे लागतो. हा निर्धास्तपणा आमच्या वस्तीला कसा महागात पडणार होता, आणि तो वेळेवर कोणाच्या ध्यानात आला, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

आमची वस्ती म्हणजे फार काही नाही. दोन संकरित गायी, एक म्हैस, तीन शेळ्या, दहा-बारा गावरान कोंबड्या आणि घरामागे अंबाडीच्या दोन-तीन ओळी. माणसे पाच. उसाचे बिल येते ते हंगामात, पण मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, पाहुण्यांचा चहा हे रोज लागते. ते या गोठ्यातून आणि परड्यातून चालते. तरीही 'तुमचा धंदा काय?' असे कोणी विचारले तर आपण 'ऊस' एवढेच उत्तर देतो. गोठा आणि घरातले हातकाम आपल्या हिशेबात नसतेच.

दावे कोणी तोडले?

एका हंगामात, पौष महिन्यात, आमची धाकटी गाय दूध कमी देऊ लागली. नऊ लिटरवरून पाचवर आली. चालताना पाय आखडायची. वेत होऊन पाच महिने झाले तरी नीट माजावर येत नव्हती. मी मनाशी ठरवले, हिला बाजार दाखवायचा. घरात तसे सांगितलेही.

आई म्हणाली, "आरं, विकायची घाई करू नगंस. हिच्या खाण्यात कायतरी उणं पडतंय. महिन्यात तिसरं दावं चघळून तोडलंय हिनं."

मला त्याचे काही वाटले नाही. दावे तुटले तर दुसरे आणू. पण ते दावे वळणारी आईच. अंबाडीचे दावे तिच्या हातचे किमान वर्षभर टिकते हे तिला ठाऊक. ते झिजून तुटले की चघळून तुटले, हे तिने टोक पाहून ओळखले. शिवाय गाय गोठ्याची भिंत चाटते, तोंडात चिंधी धरते, हेही शेण काढताना तिनेच पाहिले होते.

जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी गाय तपासली आणि पहिला प्रश्न केला, "खायला काय घालता?"

"वाडं."

"आणि वाड्याबरोबर?"

"कडबा होता तवर कडबा. आता वाडंच."

डॉक्टर म्हणाले, "मग गाय उपाशी आहे. पोट भरलंय, पण गाय उपाशी आहे."

वाड्यात कमी काय असते?

डॉक्टरांनी समजावले ते असे. वाड्यात प्रथिने फार कमी असतात, त्यामुळे नुसत्या वाड्यावर दूध टिकत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाड्यात ऑक्झॅलेट नावाचा घटक असतो. तो पोटात कॅल्शियमला धरून ठेवतो आणि त्याचे न विरघळणारे क्षार करतो. म्हणजे गायीने खाल्लेले कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे निघून जाते. कोठीपोटातले जिवाणू काही ऑक्झॅलेट मोडतात, वैरण हळूहळू बदलली तर ते सरावतातही. पण महिनोन् महिने दुसरे काही न घालता वाडेच घातले तर त्यांच्या आवाक्याबाहेर जाते. काही जनावरांना मुतखड्याचा त्रासही होतो.

इकडे गाय रोज दुधातून कॅल्शियम देतच असते. एक लिटर दुधात ते साधारण सव्वा ग्रॅम असते. खाण्यातून मिळाले नाही तर ती आपल्या हाडांतून काढून देते. दूध आपल्याला दिसते, हाडांची झीज दिसत नाही. खनिजे कमी पडली की जनावर दावे चघळते, भिंत चाटते, माती खाते. आपण त्याला खोड म्हणतो. ते तिचे मागणे असते.

संकरित गायीला हे जास्त बाधते. मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचनला संस्था उभी केली आणि संकरित गायींची पैदास खेड्यापाड्यांत नेली, तेव्हापासून आपल्या गोठ्यातले दूध वाढले. पण दूध वाढले म्हणजे गायीची गरजही वाढली. दोन लिटरच्या गावठी गायीला जे खपून जायचे, ते दहा लिटरच्या गायीला खपत नाही.

आम्ही काय बदलले

1. वाडे बंद केले नाही, पण ते एकटे घालणे बंद केले. कुट्टी करून त्यात कडबा आणि मक्याची वैरण मिसळतो.

2. पाटाच्या कडेला लसूणघासाचे वाफे केले, बांधावर शेवरी लावली. या द्विदल वैरणीत प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही असते. मात्र लसूणघास दवाने ओला असताना, उपाशी पोटी आणि भरपूर घालू नये, पोट फुगते. आधी कोरडी वैरण घालावी.

3. दुभत्या गायीला रोज 50 ते 100 ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणात देतो आणि थोडे मीठ. गाय आटवल्यावर, विशेषतः विण्याआधीच्या महिन्यात, किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवतो. त्या दिवसांत मनाने जादा कॅल्शियम दिले तर व्याल्यावर उलट दुधी तापाचा धोका वाढतो.

4. वाड्यावर चुन्याच्या निवळीची प्रक्रिया करतात. तीही प्रमाण विचारून करावी, अंदाजाने नाही.

गुढीपाडव्यापर्यंत गाय आठ लिटरवर आली. पुढच्या महिन्यात माजावर आली आणि गाभण राहिली. दावे चघळणे त्याआधीच थांबले होते. बाजार दाखवला असता तर हीच गाय कवडीमोलाने गेली असती, आणि नव्या गायीलाही आम्ही वाडेच घातले असते.

दावे वळण्याचे काम

आता त्या दाव्याविषयी. ही कला मुळात मातंग समाजातील कारागिरांची. दोर, कासरे, नाडे, सोल ही सगळी त्यांच्या हातची कामे. पोळ्या-बेंदराला गावोगावी नवे दोर त्यांच्याकडूनच यायचे. नायलॉन आल्यावर हा धंदा मागे पडला. आमच्या आईनेही शेजारच्या गावातल्या एका वृद्ध कारागिराकडे बसूनच हात बसवला.

अंबाडी पावसाळ्याच्या तोंडी पेरतात. कोवळी असताना पाल्याची भाजी होते. फुलावर आली की ताटे कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि दहा-पंधरा दिवस पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवायच्या. साल कुजून सुटते. सोलून, स्वच्छ धुऊन वाळवली की वाख तयार. हे पाणी फार घाण होते, म्हणून प्यायच्या विहिरीत किंवा जनावरे पितात त्या ओढ्यात अंबाडी कधी भिजवू नये. वेगळा खड्डा करावा.

वाखाचा बारीक पेड एका बाजूला पिळायचा आणि असे तीन पेड एकत्र करून उलट बाजूला पिळायचे. यातच दाव्याचे सगळे मर्म आहे. प्रत्येक पेड उलगडू पाहतो, पण तो उलगडू लागला की तिघांचा मिळून पीळ अधिक घट्ट होतो. म्हणून गाठ न मारताही दावे सुटत नाही. एकाच बाजूला सगळे पिळले तर हात सोडताच भुस्काट होते.

नायलॉनचा दोर पाण्यात कुजत नाही, हे खरे. विहिरीला तोच बरा. पण जनावराने हिसडा दिला की तो मानेला काचतो, कातडी सोलते, जखम होते. अंबाडीचे दावे मऊ पडते. गोठ्यात तेच चांगले, फक्त ओल्यात पडू देऊ नये.

एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचे खाणे

वस्तीवर नीट पाहिले तर कोणतीच वस्तू वाया जात नाही, आपण वाया घालवली तरच जाते. पाचट आपण फडात पेटवतो. फडातले पाचट सरीतच ठेवावे. त्यातले चार भारे गोठ्यात आणून गायींखाली अंथरावेत. मूत त्यात मुरते, गाय कोरड्यात बसते, कासेचे आजार कमी होतात आणि तेच शेणासकट खड्ड्यात गेले की उत्तम खत होते. मोठी गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण देते. ते उघड्यावर ढिगाने सुकवले तर निम्मा कस उन्हाला आणि पावसाला जातो.

कोंबड्या सकाळी आधी गोठ्यात सोडतो. गोचीड, किडे, अळ्या वेचतात. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण तिचे खाणे निम्मेअधिक असे फुकटचेच असते. थंडीत नव्या वासरांना फाटक्या पोत्याची झूल शिवतो. वासराला जन्मल्यावर लवकरात लवकर, पहिल्या तासा-दोन तासांत, चीक पाजावा. नंतर पाजलेल्याचा तेवढा उपयोग होत नाही.

घरात चैत्र-वैशाखात वाकळा शिवायला निघतात. जुनी लुगडी, धोतरे धुऊन थरावर थर अंथरायचे, कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचे. एका वाकळेला दुपारच्या फावल्या वेळात पंधरा-वीस दिवस लागतात. तेवढ्या दुपारी कोणी मोजत नाही.

हिशेब कोण लिहिणार?

मुद्दा तोच आहे. उसाचा टनाटनाचा हिशेब आपल्याकडे आहे. वजनकाट्याची पावती जपून ठेवतो. पण दूध किती, घरात किती आणि डेअरीला किती, अंडी किती, दावी किती वळली, वाकळ कोणी शिवली, शेण कोणी काढले, याची ओळसुद्धा कुठे नसते. जे लिहिलेले नसते ते अडचणीत पहिल्यांदा विकले जाते. पाण्याची ओढ लागली की आधी शेळी जाते, मग गाय, आणि मग आपण पिशवीचे दूध विकत आणतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही शंभर पानी वही घातली आहे. रोजचे दूध, प्रत्येक जनावराला घातलेली वैरण, माजाची व रेतनाची तारीख, वेताची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'काय दिसले' ते. तो रकाना आई सांगते आणि नात लिहिते. 'तांबडीने आंबोण ठेवले.' 'म्हशीचे शेण पातळ.' अशा एकेका ओळीवरून आजार दोन दिवस आधी कळतो.

डेअरीचे खातेही आता आईच्या आणि मंडळींच्या नावावर केले आहे. ज्यांचे हात शेणात असतात त्यांच्या हातात पैसे गेले की गोठा सुधारतो, हा आमचा अनुभव.

सभासद बंधूंनो, यंदा वाड्याचा भारा गोठ्यात टाकताना गायीच्या दाव्याकडे एकदा पाहा. चघळलेले दिसले तर बाजाराचा विचार करण्याआधी गव्हाणीत काय पडते आहे ते पाहा. आणि आपल्या घरात जी माऊली पहाटे पाचला गोठ्यात जाते, तिला विचारा. तिला बरेच आधीपासून माहीत असते.