टेलिफोनच्या तारेवरून दूरचें दप्तर

मोहाडी तालुक्यांतील धानकर्‍यास आधारभूत केंद्रावर धान घालावयाचें तर प्रथम संगणकावर नांव नोंदवावें लागतें. पिकाची नोंदही २०२१ सालापासून ई-पीक पाहणीनें मोबाइलवरून होऊं लागली. नोंद राहिली कीं केंद्रावर धान घेत नाहींत, व तेंच धान व्यापार्‍यास पडत्या भावानें द्यावें लागतें. तेव्हां या दूरच्या दप्तरापर्यंत आपला कागद कसा पोंचतो, हें शेतकर्‍यानें समजून घेणें अगत्याचें आहे. त्या मार्गाची पहिली पायवाट म्हणजे टेलिफोन व मोडेम होय.

आपल्या प्रांतांतील याचा ठळक दाखला वारणा खोर्‍याचा. तेथें १९९८ सालीं सुमारें ७० गांवांसाठीं संगणक केंद्रांची योजना निघाली. उसाच्या तोडणीची परवानगी, वजन व बिल यांची माहिती सभासदास कारखान्यावर हेलपाटा न घालतां गांवींच मिळावी, हा तिचा हेतु. त्यासाठीं टेलिफोनच्या तारेचाही उपयोग करण्यांत आला.

संगणकाची भाषा शून्य व एक या दोन अंकांची. टेलिफोनची तार मात्र मनुष्याच्या आवाजासाठीं केलेली. तिच्यांतून सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनांचाच ध्वनि जातो. अंकांचा ध्वनि करणें व ध्वनीचे पुनः अंक करणें, हें मोडेमचें काम. म्हणून दोन्ही टोंकांस एकेक मोडेम लागे.

जोडणी अशी करीत. भिंतीवरील तार मोडेमच्या ‘लाइन’ या छिद्रांत घालून मोडेम संगणकास जोडावा. संगणकांत केंद्राचा नंबर, आपलें नांव व परवलीचा शब्द भरावा. घंटा वाजतांच पलीकडील मोडेमनें आपण होऊन फोन उचलावा, अशी तेथें व्यवस्था असे. नंबर लागतांच जी शीळ व खरखर ऐकूं येई, ती दोन यंत्रांची वेगाविषयींची बोलाचाली. दोन साध्या टेलिफोनांमध्यें सेकंदास फार तर ३३,६०० अंक जात. आठ लाख अंकांच्या दाखल्यास सुमारें २४ सेकंद लागत. तारेचा सांधा ढिला वा ओला असला कीं वेग घटे व संबंधही तुटे. आकार वेळेवर पडे, म्हणून कागद आधीं तयार करून मगच नंबर फिरवावा लागे. विजा चमकतांना तार काढून ठेवणें इष्ट असे.

वारणेसही पुढें सात गांवांत संगणकाऐवजीं मोबाइलवरील संदेशांचा प्रयोग झाला, आणि आज मोडेमचा तो काळ सरला. पण त्याची शिकवण जुनी झाली नाहीं. मध्येंच संबंध तुटला तर नोंद पोंचली असें धरून चालूं नये. पुनः उघडून पाहावी व नोंदणीची पावती हातीं घ्यावी. परवलीचा शब्द वा मोबाइलवर येणारा ओटीपी कोणासही सांगूं नये. मुदतीच्या शेवटच्या दिवसावर विसंबूं नये. काट्यावर पोत्याचें वजन आपण स्वतः उभे राहून पाहतों. दप्तरांतील आपली नोंदही तशीच स्वतः पाहावी, इतकेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.